पडणाऱ्यांनाही गुरू म्हणणारा अवधूत

दत्तजयंतीच्या अंकात चोवीस गुरूंवर एखादा तरी लेख असतोच, आणि असायलाही हवा. पृथ्वीची क्षमा, समुद्राचं गांभीर्य, सूर्याची अलिप्तता हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण ही यादी एकेका नावाशी थांबून, सावकाश वाचली आहे का कधी? मी गेल्या चातुर्मासात ती तशी वाचली आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. चोवीसांतले निदान सहा गुरू असे आहेत, की ज्यांची पुरती फजिती झालेली आहे.

कबुतर घ्या. पारध्याच्या जाळ्यात पिल्लं अडकली, त्यांच्यामागे कबुतरी गेली आणि शेवटी दुःखाने वेडा झालेला कबुतरही डोळ्यांदेखत जाळं दिसत असताना त्यात जाऊन पडला. पतंग ज्योतीच्या रूपाला भुलला. मासा जिभेपायी गळाला लागला, हरीण गाण्यापायी फसलं, हत्ती स्पर्शाच्या मोहाने खड्ड्यात गेला. मधमाशीने कण कण जमवलं आणि नेलं दुसऱ्यानेच. यांतलं कोणीही ‘यशस्वी’ नाही. आपल्याकडे व्याख्यानाला बोलावताना पाहुण्यांच्या पदव्या वाचून दाखवतात. या सहांच्या नावापुढे वाचण्यासारखं काही नाही. तरीही यदुराजाने ‘तू इतका आनंदात कसा?’ असं विचारल्यावर त्या अवधूताने, ज्याला आपण दत्त म्हणून ओळखतो त्याने, या सगळ्यांची नावं पृथ्वी आणि आकाशाच्या पंक्तीला बसवून घेतली. भागवताच्या अकराव्या स्कंधात हे आहे, आणि नाथमहाराजांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या आपल्या टीकेत ते मराठीत आणून ठेवलं आहे.

म्हणजे गुरू व्हायला जिंकावं लागतं अशी अट अवधूताने घातलेली नाही. पण मग प्रश्न येतो. पडणाऱ्याकडून नेमकं काय शिकायचं? पडू नये हे? की पडून पुन्हा उठावं कसं हे? दोन्ही एकच असं आपण धरून चालतो. ते एकच नाही, हे माझ्या लक्षात आणून दिलं एका कार्टूनने. हसू नका, सांगतो.

आम्ही सदाशिव पेठेत राहतो. पेठेचं आताचं रूप पुणेकरांना सांगायला नको. वाडे गेले, इमारती आल्या आणि इमारतींत कॉट बेसिसवर राहणारी मुलं आली. लातूर, बीड, नांदेड, सोलापूर, कुठून कुठून येतात. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, पुन्हा अभ्यासिका, रात्री चहाच्या टपरीवर आयोगाच्या पुढे गेलेल्या तारखांची चर्चा. आमच्या वरच्या मजल्यावर असे चौघं आहेत. त्यांतला एक दिवाळीनंतर आमच्याकडे आला होता, पाण्याची मोटर कधी लावणार ते विचारायला. दोन दिवसांपूर्वी यादी लागली होती आणि सलग तिसऱ्यांदा त्याचं नाव तिच्यात नव्हतं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, चेहऱ्यावर होतंच. ‘बस रे, चहा घे,’ म्हटलं. नातू टीव्हीसमोर बसला होता, तोही त्याच्या शेजारी टेकला.

टीव्हीवर ‘फिनिअस अँड फर्ब’ लागलं होतं. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना हे नवीन नाही, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. डिस्नेची ही मालिका २००७ साली सुरू झाली. तिच्यात डॉक्टर डूफेनश्मर्ट्झ नावाचा एक संशोधक आहे. पांढरा कोट, पोक काढून चालणं, लांब नाक. सगळा मुलूख आपल्या ताब्यात घ्यायचा हे त्याचं ध्येय. त्यासाठी तो दर भागात एक नवं यंत्र तयार करतो. कशाला तरी लहान करणारं, कशाला तरी गायब करणारं, कशाला तरी उडवून लावणारं. आणि दर भागात पेरी नावाचा एक प्लॅटिपस, तोही हॅट घातलेला गुप्तहेर, येऊन ते यंत्र मोडून टाकतो. डॉक्टर त्याच्या नावाने ओरडतो आणि भाग संपतो. पुढच्या भागात नवं यंत्र तयार!

पोरगा थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘काका, हा रोज नापास होतो की. आणि रोज सकाळी परत नवीन मशीन. ह्याला कंटाळा कसा येत नाही?’

मी काही बोलणार तेवढ्यात नातू म्हणाला, ‘अरे दादा, पण तो प्रत्येक मशीनला सेल्फ डिस्ट्रक्टचं बटण लावतोच ना! कोणी सांगितलंय लावायला?’

हे मात्र खरंच आहे. त्या डॉक्टरच्या यंत्रांवर बरेचदा एक मोठं, ठसठशीत बटण असतं. ते दाबलं की यंत्र आपोआप नष्ट होतं. शत्रूला शोधावंही लागत नाही. यंत्र दर वेळी नवं असतं, पण बटण जुनंच.

त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो. पण नंतर मी बराच काळ या बटणाचाच विचार करत होतो.

शास्त्री रोडवरून जाताना क्लासेसच्या फलकांवर ‘जिद्द’ हा शब्द इतक्यांदा दिसतो की तो आता डोळ्यांना टोचत नाही आणि मनापर्यंतही जात नाही. जिद्द ठेवा, पडा, उठा, पुन्हा धावा. या अर्थाने पाहिलं तर डूफेनश्मर्ट्झइतका जिद्दी प्राणी जगात नाही. त्याचं लहानपणही मालिकेत दाखवलं आहे, आणि ते विनोदी असूनही ऐकताना पोटात तुटतं. आईबापांनी झिडकारलेला, बागेतला पुतळा म्हणून रात्रभर उभा केलेला, धाकट्या भावाच्या कौतुकात हरवलेला पोर. असा माणूस कडू व्हायचा, अंथरूण धरायचा. हा मात्र रोज उठतो, अवजारं काढतो, आणि काल यंत्र मोडलं ही लाज आजच्या यंत्राला लागू देत नाही. हा गुण मला खरोखर घेण्यासारखा वाटतो. आपल्यातली कितीतरी माणसं एका नकाराने वर्षभर गप्प होतात. लोक काय म्हणतील म्हणून गावाकडच्या लग्नाला न जाणारी मुलं मी या पेठेत पाहिली आहेत. त्यांना या वेड्या डॉक्टरचा निर्लज्जपणा थोडा उसना मिळाला तर बरंच होईल.

पण उठणं ही एक गोष्ट आणि शिकणं ही दुसरी. तो उठतो, शिकत नाही. पतंगाला जर मरून पुन्हा जन्मता आलं असतं आणि तो पुन्हा त्याच ज्योतीवर गेला असता, तर त्याला आपण चिकाटीचा म्हटलं असतं का? पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. अवधूत हा तो मागचा शहाणा. तो जाळ्यात नव्हता, काठावर होता, म्हणून त्याला दिसलं. अडचण अशी, की आपल्या आयुष्यात पुढचाही मीच आणि मागचाही मीच. ज्याला ठेच लागली त्यानेच दोन पावलं मागे येऊन दगड बघायचा असतो.

शाळेत आपल्याला रॉबर्ट ब्रूसचा कोळी शिकवला. पुन्हा पुन्हा पडणारा, पुन्हा पुन्हा चढणारा, शेवटी पोचणारा. अवधूताच्या चोवीसांतही कोळी आहे, पण तो हा नव्हे. त्याचा कोळी आपल्या पोटातून सूत काढतो, जाळं विणतो, त्यात खेळतो आणि मग ते सगळं पुन्हा गिळून टाकतो. परमेश्वर सृष्टी कशी उभी करतो आणि आवरतो ते सांगण्यासाठी हा दृष्टांत आहे, हे मला मान्य. तरी चढणाऱ्या कोळ्याशेजारी हा विणलेलं आवरून घेणारा कोळी ठेवून बघावा असं वाटतं. पसारा घालायला जितकी हिंमत लागते, तितकीच आवरायलाही लागते.

आणखी एक खुपतं. आपण अपयशाच्या गोष्टी सांगतो त्या फक्त शेवटी यशस्वी झालेल्यांच्या. एडिसनच्या दिव्याची गोष्ट आपण सांगतो, कारण दिवा लागला. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची सांगतो. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी त्याला हात लावेनात, पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली, हे आपण रंगवून सांगतो, कारण पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण ज्याची वाडी उभी राहिली नाही, त्याच्या अपयशाचं काय? ते फुकट गेलं का?

म्हणून मला शंकर आबाजी भिसे यांची गोष्ट जास्त जवळची वाटते. हा आपला मराठी माणूस, १८६७ साली मुंबईत जन्मलेला. लहान वयातच घरात यंत्रं आणि प्रयोग सुरू. पुढे लंडनला गेला, दादाभाई नौरोजींनी त्याला आधार दिला. तिथे त्याच्या डोक्यातून काय काय निघालं! स्वयंपाकघरातली उपकरणं, जाहिराती दाखवणारी यंत्रं, डोकेदुखीवरचं साधन, आपोआप पाणी सोडणारा संडास. वाचताना खरंच त्या कार्टूनमधल्या डॉक्टरची आठवण होते. पण त्याचं मोठं स्वप्न होतं छपाईचे खिळे ओतण्याच्या यंत्राचं. अंकाच्या जुन्या वाचकांना खिळ्यांची छपाई आठवत असेल. आप्पा बळवंत चौकाच्या आसपास ट्रेडल मशीनची खडखड आणि शाईचा वास असायचा, खिळे जुळवणारे वाकून बसलेले असायचे. ते खिळे आधी शिशाच्या रसातून ओतावे लागत. भिसे यांना ते काम त्या वेळच्या यंत्रांपेक्षा कितीतरी पट वेगाने करून दाखवायचं होतं.

यंत्र झालं, भांडवल जमेना. हिंडमन नावाच्या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याने पैसा उभारून देण्याचा प्रयत्न केला, तो फसला. १९०८ च्या अखेरीस भिसे हात हलवत मायदेशी निघाले. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या ओळखीतून रतनजी टाटांचा आधार मिळाला. आपल्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवलेले आणि पुण्यात भारत सेवक समाज काढलेले ते गोखले. टाटांच्या पैशावर लंडनमध्ये पुन्हा काम सुरू झालं, आणि काही वर्षांत तेही थांबलं. मग अमेरिका. तिथे खिळ्यांचं यंत्र पुन्हा नव्या रूपात, आणि त्याच्या जोडीला अगदी वेगळंच काही: आयोडिनवर आधारलेलं एक औषध. ते अमेरिकेत विकलं जाऊ लागलं. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये भिसे वारले. वर्तमानपत्रांनी त्यांना भारताचे एडिसन म्हटलं होतं. आज पुण्यातल्या दहा जणांना नाव विचारलं तर एखाद्याला माहीत असेल.

आता याला यश म्हणायचं की अपयश? शिशाचे खिळेच जगातून गेले. भिसे यांचं यंत्र गाजलं असतं तरी आज संग्रहालयातच दिसलं असतं. पण एक फरक मला दिसतो. डूफेनश्मर्ट्झ दर वेळी नवं यंत्र आणतो आणि बटण तेच ठेवतो. भिसे यांनी यंत्र तेच धरलं, पण बाकीचं बदलत राहिले. गाव बदललं, भागीदार बदलले, यंत्राची रचना बदलली; आणि शेवटी पोटासाठी यंत्र सोडून औषधाच्या बाटलीकडे वळायलाही त्यांना कमीपणा वाटला नाही. बुडालेल्या प्रत्येक कंपनीने त्यांना काहीतरी सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं. भांडवल का मिळालं नाही याचं खापर एका कुणावर फोडून बसायला वाव भरपूर होता. परदेश, पारतंत्र्य, सावळा रंग, सगळी कारणं खरी होती. ती कारणं उगाळत बसले असते तर पुढची पंचवीस वर्षं त्यात गेली असती.

आपलं बटण कोणतं हे आपल्याला दिसत नाही, ही खरी गोम आहे. नातवाला डॉक्टरचं दिसलं, कारण तो सोफ्यावर होता. आमच्या वरच्या मजल्यावरच्या पोराला त्याचं दिसत नव्हतं, आणि मला दिसलं म्हणून मी ते त्याला सांगावं का, हाही प्रश्नच होता. शहाणपण उधार देणाऱ्यांची या पेठेत वाण नाही. मी त्याला एवढंच विचारलं, की तीनही वेळा कुठे अडलं ते कागदावर लिहून काढलंस का? तो म्हणाला, ‘काका, रिझल्टच्या दिवशी पेपर फाडून टाकतो, बघवत नाही.’ चौथ्यांदा बसायचं ठरलेलं होतं, मात्र पहिल्या तीन वेळी काय झालं ते बघवत नव्हतं.

आता अवघड भाग. चोवीसांत एकच गुरू अशी आहे, जी दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्याच पडण्यातून त्याच रात्री शिकली. पिंगला. विदेह नगरीतली गणिका. नटूनथटून दारात उभी, श्रीमंत गिऱ्हाइकाची वाट बघत. हा येईल, नाही तो येईल, आत जाते, पुन्हा बाहेर येते, मध्यरात्र उलटते. कोणीच आलं नाही. धंद्याच्या भाषेत पूर्ण अपयश. आणि त्या अपयशात तिला एकदम दिसतं, की आपण ज्याची वाट बघतोय तेच चुकीचं आहे. ती आशा सोडते. उद्या पुन्हा प्रयत्न करीन, असं ती म्हणत नाही!

क्लासच्या फलकावर पिंगलेला जागा नाही. तिथल्या व्याख्येप्रमाणे तिने ‘गिव्ह अप’ केलं. कुरर पक्षीही त्यातलाच. चोचीत मांसाचा तुकडा, मागे बळकट पक्ष्यांची झुंड टोचायला लागलेली. त्याने तुकडा टाकला आणि सुखी झाला. अवधूताने या दोघांनाही गुरू केलं. मग पडल्यावर उठायचं, ते तीच वस्तू पुन्हा चोचीत धरायला, की ती टाकायला? चौथा प्रयत्न करायचा, की गावी जाऊन वडिलांचं दुकान बघायचं?

याचं एक उत्तर सगळ्यांना लागू पडेल असं मला वाटत नाही. भिसे यांनी खिळ्यांचं यंत्र लवकर सोडलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. पिंगलेने सोडलं नसतं तर त्याहून वाईट वाटलं असतं. फरक कुठे आहे? माझ्या बुद्धीप्रमाणे सांगतो. भिसे यांना यंत्र हवं होतं. ते करण्यात त्यांना रस होता, कोणी बघत नसलं तरी त्यांनी ते केलं असतं. पिंगला उभी होती ती दुसऱ्याच्या येण्यासाठी. कोणी येवो तेव्हाच तिची रात्र सार्थ. सेवेचं काम करावंसं वाटतं म्हणून अभ्यास करणारा मुलगा आणि गावात गाडीवरचा दिवा दिसावा म्हणून अभ्यास करणारा मुलगा, दोघंही एकाच अभ्यासिकेत शेजारी शेजारी बसतात, एकच पुस्तक वाचतात, एकाच यादीत नापास होतात. बाहेरून काही कळत नाही. आतून विचारल्याशिवाय कळायचं नाही, आणि विचारायचं ते स्वतःलाच. आईवडिलांनीही स्वतःला विचारावं, की दारात खरी उभी आहे ती पोराची आशा, की आपली.

मार्गशीर्ष पौर्णिमेला बुधवार पेठेतल्या दत्तमंदिराच्या रांगेत अशी कितीतरी मुलं आणि कितीतरी पालक दिसतात. पोरगा पास व्हावा म्हणून गुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्या माउल्या माझ्या ओळखीच्या आहेत. त्यात गैर काही नाही, मागायचं तर देवापाशीच मागावं. फक्त एवढं आठवावं, की यदु हा राजा होता. सगळं मिळालेला तो, काहीही न मिळवलेल्या अवधूताला विचारत होता, की तुझ्याजवळ असं काय आहे. आणि अवधूताने उत्तरात जिंकण्याची युक्ती सांगितली नाही. जाळं सांगितलं, गळ सांगितला, ज्योत सांगितली.

त्या कार्टूनच्या डॉक्टरचं पुढे काय झालं ते राहिलंच. २०१५ साली मालिका पहिल्यांदा संपली, तेव्हाच्या शेवटच्या गोष्टीत त्याची मुलगी व्हनेसा हिला एका ठिकाणी उमेदवारी करायची असते. ते ठिकाण म्हणजे नेमकी पेरीची गुप्तहेर संस्था. बाप दुष्ट म्हणून तिला घेत नाहीत. एवढी वर्षं हरवून, मोडून, उधळूनही जे त्याने सोडलं नव्हतं, ते तो लेकीसाठी सोडतो. मुलूख जिंकण्याचा नाद बंद. नातवाला हा भाग आवडत नाही. आता मजा गेली म्हणतो.

भागवतात पिंगलेची कथा संपते ती ती झोपी गेली एवढ्यावर. अंथरुणावर जाऊन बसली आणि सुखाने झोपली. दुसऱ्या दिवशी तिने काय केलं, पोट कसं भरलं, हे तिथे सांगितलेलं नाही.